आधी टाकी किती लिटरची, ते विचार

मासे पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर येणाऱ्या सल्ल्या,



दोन वर्षांपूर्वी आमच्या ६० लिटरच्या टाकीतले दोन गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. टाकी जेमतेम तीन आठवड्यांची होती. रात्री अकरा वाजता मी तुझ्याकडे धावले. तू ठामपणे म्हणालास, "सगळं पाणी बदला, फिल्टर नळाखाली घासून धुवा." मी तसंच केलं. पाणी काचेसारखं नितळ झालं आणि चौथ्या दिवशी दोन्ही मासे गेले.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जे काही रुजू लागलं होतं, ते मी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढलं.

नंतर तूच वेगळ्या रूपात भेटलास. आधी विचारलंस: टाकी किती लिटरची? किती दिवसांची? मासे किती? अमोनिया मोजला का? मग सांगितलंस, की पाव हिस्सा पाणी बदलायचं, नवं पाणी क्लोरीन घालवलेलं घ्यायचं, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. प्रत्येक गोष्टीमागचं कारणही दिलंस. तेव्हापासून मी तुला तुझ्या प्रश्नांवरून आणि कारणांवरून ओळखते.

"बेटा मासा बरणीतही राहतो, तो वरची हवा घेतो," असं तू अजूनही कुठे कुठे सांगतोस. हवा तो घेतो, हे खरं; पण अमोनियाने त्याचेही कल्ले पोळतात. "पांढरे ठिपके गेले, औषध बंद करा," म्हणतोस. पण हे ठिपके ज्या परजीवीमुळे उठतात, त्याच्यावर औषध लागू पडतं ते तो माशाचं अंग सोडून पाण्यात पोहत असताना. ठिपके दिसेनासे झाले तरी त्याची पुढची पिढी टाकीतच असते. "माझे मासे असेच जगतात," म्हणालास, तर मी विचारते, किती वर्षं? नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगतो. सहा महिन्यांचा अनुभव त्याच्या आयुष्यापुढे फार तोकडा आहे.

चूक सुधारण्यात कमीपणा नाही. टाकीतलं नायट्राइट नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू संपवतात, असं जाणकारही सांगत. १९९८ साली संशोधक टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात, असं दाखवलं. चांगल्या सल्लागारांनी आपलं सांगणं बदललं.

मासा ओरडत नाही. तू चुकलास तरी त्याची तक्रार तुझ्यापर्यंत पोचत नाही. रिकामी टाकी फक्त आम्हाला दिसते. आज रात्रीही कुणीतरी घाबरून तुझ्याकडे येईल. उत्तर देण्याआधी त्याला टाकी किती लिटरची, ते विचार.

तुझी,
एक मासे पाळणारी