इसाराच्या आधीची पाच वर्षं

लोहारा, जि. यवतमाळ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नागपूरची भाड्याची खोली सोडून इकडे, आपल्या माणसांत घर घ्यायचं तू आणि सूनबाईंनी ठरवलं, हे वाचून घरातल्या सगळ्यांना आनंद झाला. दोघांचा पगार बेताचा, बँक कर्ज देईल म्हणते, पण सुरुवातीला हातातून घालायची रक्कम कुठून आणायची, असं तू विचारलंस. लोहाऱ्यात हा प्रश्न घरोघरचा आहे, म्हणून इथल्या घरांमधून जे दिसतं तेच सविस्तर लिहितो.

दारव्हा रोडवर एमआयडीसी आली, रेमंडची डेनिमची गिरणी उभी राहिली, आणि लोहारा शेतीचं गाव राहिलं नाही. आसपासच्या खेड्यांतली पोरं पाळीवर कामाला आली. आधी एका खोलीत चौघं राहिली, मग लग्नं झाली, मग भाड्याची दोन खोल्यांची घरं झाली. पुढे यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दवाढीत लोहारा शहरातच गेलं आणि जागेचे भाव चढले. ज्याचा बाप कापसाचा चुकारा मिळाला की वर्षाचे सगळे हिशेब एकदम मिटवायचा, त्याच्या मुलाच्या हाती आता दर महिन्याला ठरावीक पगार येतो. बचतीच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. चुकाऱ्याचे पैसे घरात येण्याआधीच कुणाकुणाचे ठरलेले असत. पगारातून मात्र पहिल्याच तारखेला थोडे बाजूला काढता येतात.

आधी आकडा नक्की व्हायला हवा. पंचवीस लाखांचं घर धर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, म्हणजे साडेबावीस लाख. उरलेले अडीच लाख घेणाऱ्याचे. बहुतेक घरांचा हिशेब इथेच थांबतो आणि पुढे अडचण होते. घराची किंमत 10 लाखांच्या वर असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या नव्वद टक्क्यांच्या हिशेबात धरला जात नाही. मुद्रांक शुल्क साधारण 6 टक्के धरलं तर दीड लाख, नोंदणी फी 1 टक्का म्हणजे पंचवीस हजार. (ही फी कितीही मोठ्या घराला 30 हजारांच्या वर जात नाही.) झाले सव्वाचार लाख. वकिलाचा शोध अहवाल, बँकेची प्रक्रिया फी, सामान हलवणं, विजेचं मीटर नावावर करणं, हे सगळं धरून पाच लाख हाताशी असल्याशिवाय सौद्याला बसू नये. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर जीएसटी वेगळा. तो परवडणाऱ्या घरांना 1 टक्का आणि इतरांना 5 टक्के आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही.

पाच लाख ऐकून छाती दडपते, पण त्याला पाच वर्षांत वाटून बघ. टपाल खात्याची आवर्ती ठेव, ज्याला सगळे आरडी म्हणतात, पाच वर्षांची असते आणि महिना 100 रुपयांपासून उघडता येते. 2024 आणि 2025 मध्ये तिचा व्याजदर 6.7 टक्के होता. त्या दराने महिना 5 हजार भरले तर साठ हप्त्यांनंतर साधारण 3 लाख 56 हजार हातात येतात. हप्ता चुकला तर शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड, आणि लागोपाठ चार हप्ते चुकले तर पुढच्या दोन महिन्यांत खातं सुरळीत करून घ्यावं लागतं. एवढी शिस्त बहुतेकांना झेपते. मग उरतात साधारण दीड लाख. ते बोनस आणि घरातल्या नको असलेल्या वस्तूंतून उभे करायचे.

बोनसचं आधी. कायद्याने पात्र कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस मिळतो, आणि तो दिवाळीच्या तोंडावर येतो. त्याच आठवड्यात टीव्हीच्या आणि मोटारसायकलच्या जाहिरातीही येतात. ज्या घरांनी पाच दिवाळ्या बोनसचा मोठा हिस्सा मुदत ठेवीत टाकला, ती घरं पुढे गेली. मुलांचे कपडे आणि फराळ यांत कुणी हात आखडला नाही, आखडूही नये.

रोजच्या खर्चात विदर्भातली घरं मुळातच काटकसरी आहेत. उन्हाळ्यात वर्षाचा गहू आणि तुरीची डाळ भरून ठेवणं, गच्चीवर कुरड्या, पापड, मुगवड्या, सरगुंडे वाळवणं, या जुन्या रीतींनी पावसाळ्यातला किराणा निम्म्यावर येतो. शहरात गेलेल्या जोडप्यांनी ही रीत सोडली आणि दर आठवड्याला पाकिटं आणायला लागली. तुमच्या खोलीला गच्ची आहे, तेव्हा सूनबाईंना आणि तुला मिळून हे जमेल. (हे काम एकट्या बाईवर टाकलेलं मला मान्य नाही.) प्रवासाचंही तसंच. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. सूनबाई माहेरी जाताना आणि तुम्ही इकडे येताना गाडीत पेट्रोल घालण्यापेक्षा एसटी स्वस्त पडते.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा आयुष्यभर हेच सांगत हिंडले: कर्ज काढून सणवार करू नका, लग्नात उधळपट्टी करू नका, वेळ पडली तर घरातलं भांडं मोडा पण लेकरांना शाळेत घाला. त्यांच्या सांगण्यात कंजूसपणा नव्हता. कुठे खर्च करायचा नाही आणि कुठे हात आखडायचा नाही, हे दोन्ही ते एकाच कीर्तनात सांगायचे. म्हणून दवाखाना, मुलीची फी आणि आईची औषधं यांतून घराचा पैसा काढायचा नाही. यातून वाचवलेला पैसा दोन वर्षांनी दामदुपटीने बाहेर जातो.

आता नको असलेल्या वस्तू. इथे नीट लिहितो, कारण लोक याच बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात.

वस्तू केव्हा विकायची यावर तिची अर्धी किंमत ठरते. विदर्भातलं उदाहरण कूलरचं. यवतमाळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. मार्चमध्ये पत्र्याचा जुना कूलर पंपासकट, नवा वुडवूल लावून दाखवला तर घेणारा दारात येतो. तोच कूलर जुलैत काढला तर भंगारवाला पत्रा किलोवर नेतो. शाळेची पुस्तकं आणि गाईड मे-जूनमध्ये जातात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वर्षभर विकली जातात, पण अभ्यासक्रम बदलला की त्यांची रद्दी होते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काढलेलं सगळं त्याच दिवशी भंगारात घालणं ही घाई महागात पडते. रद्दी, पुठ्ठा आणि लोखंड द्या, बाकीचं बाजूला ठेवा.

तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत घालताना दोन-तीन दुकानांत भाव विचारावा आणि वजन डोळ्यांदेखत करून घ्यावं. बोहारणीला जुने कपडे देऊन स्टीलचं पातेलं घेण्याची रीत चांगली आहे, कपडा वाया जात नाही. पण त्यातून घरात आणखी एक पातेलं येतं, पैसा येत नाही. म्हणून या पाच वर्षांत चांगल्या साड्या आणि लहान मुलांचे धड कपडे ओळखीत विकावेत, फाटके तेवढे बोहारणीला द्यावेत.

आपल्याकडे जुन्या घरांत सागवान असतं. गावाकडचं पडकं घर पाडताना निघालेली सागाची चौकट, दार, खिडकी कोणी कवडीमोलाने मागितली तरी देऊ नका. नवं घर बांधणाऱ्याला तसं लाकूड विकत घ्यायला गेलं तर घाम फुटतो. ही विकायची वस्तू नाही, ती जपून ठेवायची. शिलाई मशीन, सूनबाईंचा पिको-फॉलचा पाय, तुझी हत्यारं, ज्यातून चार पैसे येतात ते सगळं याच यादीत.

मोटारसायकल विकलीस तर फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी घेणाऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय स्वस्थ बसू नकोस. नाव तुझं राहिलं तर पुढच्या अपघाताचं प्रकरणही तुझ्या दारात येतं. फोनवरून, इंटरनेटवरून विकताना एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांनाही समजावून ठेव: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा’ म्हणणारा माणूस चोर असतो. फसगत झालीच तर लगेच 1930 वर फोन करावा.

सोन्याचं मात्र सांगताना जपून सांगतो. दागिना मोडला की मजुरी गेली, वर घट धरली जाते, आणि बाईच्या अंगावरची शेवटची सोय जाते. ते मोडायचं की नाही हे सूनबाईंनीच ठरवावं. मोडायचं ठरलंच तर इसार द्यायच्या वेळी, सगळे कागद तपासून झाल्यावर. आधी मोडून रोख घरात ठेवली की ती दुसऱ्याच कामाला लागते.

एमआयडीसीतल्या पोरांमध्ये भिशी जोरात चालते. ती वाईट म्हणता येणार नाही. 1775 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या गोल्डन क्रॉस नावाच्या खानावळीत रिचर्ड केटलीने लोक जमवून पैसे गोळा केले आणि पाळीपाळीने सभासदांची घरं उभी केली. जगातली पहिली माहीत असलेली गृहबांधणी संस्था तीच, आणि तिची रीत आपल्या भिशीसारखीच होती. दहा जणांच्या डोळ्यांसमोर हप्ता चुकवायची लाज वाटते, हीच भिशीची ताकद. पण तिला कागद नसतो. एकाने उचलून गाव सोडलं तर तक्रार कुणाकडे करणार? कूलर किंवा सायकल घेण्यापुरती भिशी ठीक आहे. घराचा पैसा तिथे ठेवू नये.

पैसा कुठे ठेवतो याचा धडा यवतमाळने जवळून घेतला आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने इथल्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि खातेदाराला 5 हजारांपेक्षा जास्त काढता येईना. मुलीच्या लग्नाचे, घराचे पैसे ज्यांचे अडकले त्यांचे हाल इथल्या लोकांनी पाहिले. बँकेतल्या ठेवींना 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त व्याज देते, म्हणून पाच वर्षांची जमापुंजी तिथे घालण्यात शहाणपण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारी मदतीबद्दल तू लिहिलंस. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घर 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल तर पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज अनुदान आहे, एकूण जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार. कुटुंबात कुणाच्या नावावर देशात पक्कं घर नसावं ही अट. पण ते पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतं, हातात येत नाही. म्हणून पाच लाखांच्या हिशेबात ते धरू नकोस. घर एकट्या सूनबाईंच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. पंचवीस लाखांवर ते पंचवीस हजार होतात, पाच महिन्यांची आरडी. दोघांच्या नावाने घेतलं तर ही सवलत नाही.

इसाराची वेळ आली की घाई करणारे भेटतात. ‘आज दिले नाही तर दुसरा घेईल’ हे वाक्य प्रत्येक लेआउटवर ऐकू येतं. नोंदणीकृत प्रकल्प असेल तर रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे त्याला शांतपणे सांगावं. जुन्या घराच्या सौद्यात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, तेव्हा इसार चेकने किंवा खात्यावरूनच द्यावा. सातबारा किंवा आखीव पत्रिका, एनएचा आदेश, लेआउटची मंजुरी, कर भरल्याची पावती पाहावी. आणि पाणी विचारावं. निळोणा आणि चापडोह ही धरणं कोरडी पडल्यावर 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी टँकरसाठी रात्री जागून काढल्या. नळ किती दिवसांनी येतो, बोअरला मेमध्ये पाणी असतं का, हे विकणाऱ्याला विचारू नकोस, शेजारच्या घरातल्या बाईला विचार.

आरडी या महिन्याच्या पगारातूनच उघड. रक्कम पाच हजार जमत नसेल तर तीनने सुरू कर आणि पगार वाढला की दुसरी उघड. घर पसंत पडलं की इसार देण्याआधी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स इकडे पाठव. ओळखीच्या वकिलाकडून त्या तपासून घेईन, तोवर एक रुपयाही देऊ नकोस.

सूनबाईंना आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा