पाणी दिलेले पोलाद

आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने आय.टी.आय.मधून टर्नरचा कोर्स केला आणि पुढे स्वतःची लेथ घातली. तिथला हिशेब आम्ही रविवारी लिहून देतो. मध्यंतरी त्याच्याकडे १९५० च्या सुमाराच्या एका विलायती मोटारीचा मागचा एक्सल आला. जुन्या मापाचे बेअरिंग मिळेना. मिळत होते ते आतून लहान. तेव्हा शाफ्टच कमी करून द्या, असे गिऱ्हाइकाचे म्हणणे. सोबतचा मिस्त्री म्हणाला, "गॅसने लाल कर. नरम पडला की काढ."

पोराने आधी शाफ्टवर कानस फिरवून पाहिली. काचेवरून घसरावी तशी ती घसरली. "काका, याला पाणी दिलंय," तो आम्हाला म्हणाला, आणि लाल करायला त्याने साफ नकार दिला.

मग त्याने आम्हाला समजावले. लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो, त्यातलाच हा प्रकार. असे भाग सुमारे ९०० अंशांवर तासन्‌तास कार्बनमध्ये ठेवतात. कार्बन वरच्या थरात मुरतो, मग ते तेलात बुडवतात. कठीण होते ती जेमतेम मिलिमीटरभर कातडी. आतले पोलाद चिवट राहते, म्हणून धक्के सोसते. कातडी खरवडली की बेअरिंगची बैठक झिजते. गॅसने तापवले तर पाणीच उतरते. चालत्या गाडीत असा शाफ्ट तुटला तर चाक निखळते, आणि आत कोणाची तरी बायकामुले असतात.

त्याने शाफ्टला हात लावला नाही. आतून जुन्याच मापाचे, पण बाहेरून लहान असे बेअरिंग शोधले. बाहेर उरलेल्या जागेसाठी साध्या पोलादाची रिंग लेथवर काढून घट्ट बसवली. कठीण भाग राखला, नरम भाग बदलला. गाडी रस्त्याला लागली.

मिस्त्रीचा हात वाईट नव्हता. त्याला 'का' हे कोणी शिकवले नव्हते. आपल्या वाडवडिलांच्या वाट्यालाही पिढ्यान्‌पिढ्या राबणे आले, विद्या आली नाही. प. पू. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते, हे आपण विसरतो.

पालकहो, आम्हा कारकुनांच्या घरी अजून टेबलखुर्चीची नोकरी तेवढी मोठी वाटते. मुलगा असो वा मुलगी, हत्यार हाती घेत असेल तर घेऊ द्या. मात्र 'का' विचारायची सवय आधी लावा.

जयभीम!