सहज

'सहज' हा शब्द मी कॉलेजात आल्यावर वापरू लागले. आमच्या दाभोशात माणूस घराबाहेर पडतो तो कामासाठीच. जव्हार आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर. पण तिथे जाणे झाले ते दवाखान्यासाठी, जातीच्या दाखल्यासाठी, नाहीतर बाजारासाठी. काम आटोपले की मिळेल त्या जीपने परत. एवढ्या फेऱ्या झाल्या, पण जव्हार पाहिले असे मला म्हणता आले नसते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून निघाले. जव्हारला उतरेपर्यंत रात्र झाली होती, म्हणून मावशीकडे राहिले. दाभोशाची गाडी सकाळी दहानंतर. सहा वाजताच पायात चप्पल घातली, तेव्हा मावशीने विचारले, "कुठं निघालीस गं?"

"सहज."

"सहज म्हंजे कोनाकडं?"

मी नुसतीच हसले आणि बाहेर पडले.

गाव अजून जागे व्हायचे होते. दुकाने बंद होती. एका चहाच्या टपरीवर तेवढा स्टोव्ह फरफरत होता. मी हनुमान पॉईंटपर्यंत चालत गेले. दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. तिथे किती वेळ बसले कोण जाणे. कुणी हाक मारली नाही, कुणी काम सांगितले नाही. एकोणीस वर्षांत अशी सकाळ पहिलीच.

मग जयविलास राजवाड्याच्या रस्त्याला लागले. हे राज्य मुकण्यांचे, महादेव कोळ्यांचे. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले होते, असे इकडे सांगतात. इतिहासाच्या तासाला मी दिल्ली आणि पुण्याच्या गाद्या पाठ केल्या. आपल्याच डोंगरात सहाशे वर्षे एक आदिवासी गादी नांदली, हे मात्र त्या झाडीकडे पाहताना पहिल्यांदा मनाला भिडले.

पावसाळ्यात आमच्या लेंडी नदीचा तीनशे फुटी धबधबा पाहायला मुंबईचे लोक येतात. आजी म्हणते, "पानी बघाया एवढ्या लांबून? घरी नळ नाय का यांना?" आम्ही सगळे हसायचो. त्या सकाळी मला ते लोक थोडेसे कळले. ज्याला नुसते पाहायला सवड मिळते, त्याला ओळखीची जागाही नवी होऊन भेटते.

पण सवड सर्वांना सारखी मिळत नाही. नऊच्या सुमारास स्टँडवर आले, तर एका टेम्पोत बिऱ्हाडे चढत होती. भात कापून झाले की आमच्याकडची माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. पातेली, गोधड्या, दोरीने बांधलेल्या कोंबड्या आणि वर बसलेली पोरे. माझे आईवडीलही असेच जात. मी आश्रमशाळेत होते म्हणून मागे राहिले आणि शिकले. आईने भिवंडी पाहिली ती भट्टीच्या धुरातून. तिला कुणी विचारले नसेल की, बाई, सहज आलीस का?

टेम्पोतल्या एका मुलीने माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहून विचारले, "ताई, तू कुठल्या भट्टीवर?"

"मी कॉलेजात जाते," मी म्हणाले.

"आन् इथं?"

'सहज' हा शब्द ओठांवर आला होता. तिच्याकडे पाहून मी म्हणाले, "घरी चाललेय."