माया

ताप उतरला, पण कानांना वारा सोसेना. म्हणून टोपीचा सैल टॉप घरीच शिवायला घेतला. कागदी नमुना पसरला, खडूने आखलं, कडेला अर्धा इंच माया सोडली. कापड होजिअरीचं, साध्या सुईने टाके सुटत होते. गोल टोकाची 14 नंबरची घातली तेव्हा कुठे टीप नीट बसली.

टोपीचे दोन तुकडे गोलाईत जोडून उलगडले, आणि हातात जणू कुंचीच आली! आईने खणाची शिवलेली, पाठीवर रुळणारी, माझ्या तान्हेपणीची. तिच्या आतल्या शिवणीतही बोटभर माया होती. कुंची तर वर्षभराचीच. मग ती माया कशासाठी ठेवली असेल? विचारायचं राहून गेलं.

रात्री टोपी ओढून गॅलरीत बसले. कान ऊबदार राहिले. बाह्यांची दुमड अजून बाकी आहे.