ढोलकी, तुणतुणं आणि कॅसिओ

परवा नातवाने संगणकावर एक जुना कार्यक्रम दाखवला. इंग्लंडमधला कीथ एमर्सन, १९७० सालचा. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या गाण्यांना. मागे तारांचं जाळं असलेलं कपाटाएवढं यंत्र. त्याचं नाव मूग! (डाळीशी संबंध नाही, बनवणाऱ्याचं आडनाव ते.) हवा थंड-गरम झाली की त्याचा सूर म्हणे हलायचा. मला हसू आलं. आमची हलगीसुद्धा शेकोटीवर शेकल्याशिवाय बोलत नाही.

आणि मग ती जत्रा आठवली.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. तमाशात 'कॅसिओ' शिरला तेव्हा मी नाक मुरडणाऱ्यांत होतो. (आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या की-बोर्डला कॅसिओच म्हणतात.) विठाबाई नारायणगावकरांच्या गावात हे प्लॅस्टिकचं खेळणं कशाला, असं मी एकदा वर्गातसुद्धा बोलून गेलो. पेटी तरी कुठे आपली? १८४२ साली पॅरिसमध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं. पण ते मला तेव्हा सुचलं नाही.

आंबेगाव तालुक्यातल्या एका जत्रेत पुढे बसलो होतो. कॅसिओवर माझाच एक जुना विद्यार्थी. त्याचे वडील फडात पेटी वाजवायचे. हंगाम संपत आलेला, रोज रात्री नवं गाव, आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज पार बसलेला. गौळणीत वरच्या सुराला तो फाटला. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. बाई हसत होत्या, पण पदराची मूठ घट्ट आवळलेली मला दिसली.

पोराने ढोलकीवाल्याला दोन बोटं खाली करून दाखवली आणि एक बटण दोनदा दाबलं. काळी चारचं गाणं काळी तीनवर आलं. त्याला बोटं तीच ठेवायची होती, सूर यंत्र खाली घेणार. पण ढोलकी कुठे बटणावर उतरते! ढोलकीवाला पाना घेऊन बसला, तुणतुणंवाल्याने खुंटी सैल केली. हे उमगलेल्या सोंगाड्याने मावशीशी असं काही भांडण उकरून काढलं, की लोक शिट्ट्या विसरून हसायला लागले. चांगली पाच मिनिटं त्याने एकट्याने ओढली. मग ढोलकीवर थाप पडली, बाई पुढे आल्या आणि पहाटेपर्यंत गायल्या.

खेळ संपल्यावर मी मागे गेलो. तो की-बोर्ड जुन्या लुगड्यात गुंडाळत होता. पाया पडला.

"छान केलंस रे," म्हटलं.

"गुरुजी, हेच ते खेळणं."

काय बोलणार? त्या दिवशी तो तिसऱ्या बाकावर बसला असणार. मी वडिलांच्या पेटीची चौकशी केली.

"आहे घरी. भाता उंदरांनी खाल्लाय. बाबांना बटण लागलं नसतं. गाता गाता पट्टी बदलायचे, कुणाला कळायचंही नाही. मला ते जमत नाही, गुरुजी."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. पुढचा मुक्काम लांबचा होता. त्याने ते गाठोडं ढोलकीशेजारी गादीवर ठेवलं आणि स्वतः फळीवर बसला.