मागचा आस

मोटार पाहावयास आलेला मनुष्य प्रथम तिचा रंग पाहतो, मग इंजिनाचे झाकण उचलून मान डोलावतो आणि निघून जातो. गुडघे टेकून तिच्या पोटाखाली पाहणारा शंभरांत एखादाच. परंतु मोटार घरी बांधावयास घेतली म्हणजे जो भाग कोणी पाहत नाही, तोच बांधणाराची झोप उडवितो, असा अनुभव आम्हांस गेल्या दोन हिवाळ्यांत आला.

आमचे थोरले बंधू पुष्कळ वर्षे अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतात, व निवृत्तीनंतर आमचेही बिऱ्हाड त्यांच्याच घरी आहे. दादांच्या चिरंजिवास 'हॉट रॉड'चा नाद आहे. जुन्या मोटारीचे शरीर घ्यावयाचे, त्यात जोरदार इंजिन बसवावयाचे आणि बाकीचे अवयव निरनिराळ्या मोडक्या गाड्यांतून जमवावयाचे, ह्या उद्योगाचे हे नाव. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कॅलिफोर्नियात मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट भूमीवर तरुण मंडळी अशा गाड्या पळवीत. १९३७ साली त्यांनी आपला संघ स्थापिला, आणि १९४८ साली ह्या विषयास वाहिलेले मासिकही निघाले. ह्या मंडळींत सर्वांत मान १९३२ सालच्या फोर्डचा. कारण स्वस्त किमतीत आठ सिलिंडरांचे 'व्ही' इंजिन लोकांस प्रथम तिनेच दिले. आमच्या पुतण्याने त्याच सालच्या दोन दारी सेडानचे शरीर मिळविले, खाली नवा सांगाडा घातला आणि पाच लिटरचे इंजिन आणले. मग प्रश्न उभा राहिला, मागचा आस कोणाचा घ्यावा?

मूळचा आस चालण्यासारखा नव्हता. आडव्या पाट्यांच्या कमानीवर टेकलेला तो आस ६५ अश्वशक्तीच्या इंजिनासाठी घडविलेला. आमचे इंजिन त्याच्या तिपटीहून अधिक जोराचे. शिवाय आस म्हणजे नुसती दांडी नव्हे. वरात वळणावर वळते तेव्हा बाहेरच्या कडेच्या माणसास आतल्यापेक्षा अधिक चालावे लागते, चाकांचेही तसेच. एकाच इंजिनाने दोन चाके निरनिराळ्या वेगाने फिरविण्याची युक्ती म्हणजे डिफरन्शियल. पेकर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८२८ साली वाफेच्या गाडीकरिता तिचे पेटंट घेतले होते. इंजिनाचा सारा जोर ह्याच पेटीतील पिनियन व क्राऊन ह्या दोन दंतचक्रांवर येतो.

पुतण्याचे मन जग्वारवर बसले होते. त्या कंपनीने १९६१ साली आणलेल्या रचनेत दोन्ही मागची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, आणि ब्रेकच्या तबकड्या चाकांशी नसून मध्ये, डिफरन्शियलच्या दोहो अंगांस असतात. घासूनपुसून चकचकीत केली म्हणजे ही जोडणी दागिन्यासारखी दिसते, ह्यात संशय नाही. "काका, मागून पाहणाराचे डोळे दिपतील!" असे तो म्हणे. आम्ही कागद घेऊन बसलो. मोठ्या जग्वारची जोडणी आमच्या मडगार्डांत मावेना. ती अरुंद करावयाची तर फिरते दांडे आणि खालचे आधारदांडे, दोन्ही आखूड केले पाहिजेत. मधल्या तबकड्यांची उष्णता शेजारच्या तेलसीलांस पोहोचते. सील गळले की तेल थेट ब्रेकवर. आणि ब्रेकचे काम निघाले की गाडीखाली निजून हात वळवीत बसणे आलेच.

दुसरे स्थळ फोर्डच्या प्रसिद्ध 'नऊ इंची'चे. १९५७ सालापासून १९८६ पर्यंत कारखान्याच्या गाड्यांत तो बसत असे. त्याचे सगळे दंतचक्रकाम पुढच्या बाजूने एकसंध बाहेर काढता येते, पिनियनला मागूनही एका बेअरिंगचा आधार असतो, आणि शर्यतवाले आजही त्याचीच शपथ घेतात. मात्र पिनियन क्राऊनच्या मध्यापासून बरेच खाली बसत असल्यामुळे घर्षणात थोडी अधिक शक्ती जाते, आणि चांगल्या स्थितीतले जुने नमुने आता महाग झाले आहेत.

आमची ही चर्चा चालली असता दादा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "तुमचे नऊ इंच आणि दहा इंच मला कळत नाहीत. ह्या गाडीत मी तुझ्या वहिनींस आणि नातवंडांस मागे बसवावे की नाही, एवढेच सांग."

त्या एका प्रश्नाने आमचा शोध सरळ रस्त्याला लागला. आम्हांस शर्यत जिंकावयाची नव्हती. मापात बसणारा, वजन पेलणारा आणि सुटे भाग सहज मिळणारा आस हवा होता. तसा तो १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्स्प्लोररमध्ये सापडतो. त्याचे क्राऊन ८.८ इंचांचे, चाकांशी तबकड्यांचे ब्रेक, आणि ज्या गाडीखाली तो काम करी ती आमच्या गाडीहून हजार पौंडांनी तरी जड. त्याची रुंदी सुमारे ५९.५ इंच, आम्हांस हवी होती ५७ च्या आत. परंतु त्याची एक नळी दुसरीहून सुमारे ३ इंचांनी लांब असते. ती तेवढी कापावी आणि आत दुसऱ्या तशाच गाडीचा आखूड दांडा घालावा, की रुंदी जुळते आणि पिनियनही मध्यावर येतो. ह्याचे दांडे आतल्या टोकाला एका लहानशा कडीने अडविलेले असतात. नऊ इंचीत ते बाहेरच्या टोकाला पक्के धरलेले असतात. म्हणून शर्यतवाल्यास नऊ इंची बरा. आमच्या कामास हा पुरेसा होता.

मोडक्या गाड्यांच्या आवारात पहिला आस विक्रेत्याने फार वाखाणला. पण आम्ही एक चाक फिरविताच दुसरे उलट फिरले. घसरण रोखणारा प्रकार तो नव्हे, हे उघड झाले. दुसऱ्याच्या झाकणावर '३ एल ७३' अशी पट्टी होती, म्हणजे गुणोत्तर ३.७३ आणि घसरणरोधक. हे गुणोत्तर आणि २८ इंची चाक धरले तर ताशी ६० मैलांस इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे २,६८५ येतात; आमच्या पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.६८ असल्याने ते १,८२५ वर उतरतात. लांबच्या प्रवासास हे उत्तम.

चूक झाली ती आमच्याच हातून. नळी कापून जोडताना आम्ही सारा वेल्डिंगचा सांधा घाईने एका दमात भरला. लोखंड तापून ओढले गेले, आणि सरळपणा पाहण्याची लांब सळई आतून सरकेना. फरक केसाएवढा होता. "काका, रंग दिल्यावर कोणास दिसणार?" पुतण्या म्हणाला. खरे सांगावयाचे तर आम्हीही थकलो होतो आणि 'चालेल' हा शब्द जिभेवर आला होता. परंतु वाकडी नळी दिसत नसली तरी बेअरिंग झिजविते आणि दांड्यावर नित्य ताण आणते. आणि त्या आसाच्या वरच मागची बैठक होती. दादांचा प्रश्न आठवला. सांधा पुन्हा कापला. या खेपेस सळई आत ठेवून आळीपाळीने समोरासमोर लहान टाके घातले, प्रत्येक वेळी थंड होऊ दिले, आणि शेवटी व्यवसायातील जाणत्या वेल्डरकडून तपासून घेतले. तीन आठवडे गेले. पुतण्या पहिले चार दिवस आमच्याशी नीट बोललाही नाही.

पुढे चार आधारदांडे आणि आस आडवा सरकू नये म्हणून एक तिरपा दांडा बसविला, पिनियनचा कोन गिअरबॉक्सशी जुळविला, आणि मे महिन्यात गाडी रस्त्यावर आली. शेजारी जमले. त्यांनी रंग वाखाणला, इंजिन वाखाणले. खाली कोणी वाकले नाही. वहिनी दोन्ही नातवंडांस घेऊन मागे बसल्या. दहा मैलांचा फेरफटका करून उतरताना एवढेच म्हणाल्या, "मागून कसला आवाज येत नाही हो भाऊजी."

पुतण्याने आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात रुसव्याचा लवलेशही नव्हता.