चवड्याखालची गादी

जमिनीवर मांडी घालून बसा, एक पाऊल उताणं धरा आणि अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, तळव्याकडून, हाताचा अंगठा दाबा. आधी मऊ लागतं, मग मध्येच अडतं. आता दुसऱ्या हातानं पायाची बोटं वर ओढून धरा आणि तिथंच पुन्हा दाबा. मघाची मऊ जागा ताठ झालेली असेल. झाली ओळख.

गादी म्हटली की तिच्यावर कुणीतरी ऐसपैस बसलेलं असतं, पेढीवरचा शेठ नाहीतर मठातला महंत. हिच्यावर पाच लांब हाडांची डोकी बसतात. चालताना टाच उचलली गेली की त्यांच्यामागून अख्खं शरीर येऊन बसतं. पाऊल जमिनीला मागं रेटतं तेव्हाचा जोर आपल्या वजनाहूनही थोडा जास्तच असतो, आणि तो झेलायला असतो एवढासा चवडा. गादीची जाडी सेंटिमीटरभराच्या आसपास. अंगठ्याच्या बाजूला जरा भरलेली, करंगळीकडे पातळ होत गेलेली.

आत काय, तर चरबी. पण पोटावर वस्तीला आलेली ऐतखाऊ चरबी वेगळी. ही बारीक बारीक खणांत कोंडलेली, आणि खणांच्या भिंती चिवट तंतूंच्या. लहानपणी आमच्या दारावर पिंजारी यायचा. कापूस पिंजून, खोळीत भरून झाला की दाभणानं आरपार टाके घालायचा. ‘टाके नसतील तर कापूस पळतो,’ म्हणायचा. चवड्यातही तसेच टाके आहेत. दाबली तरी चरबी आक्रसत नाही, तिला फक्त बाजूला सरकायचं असतं. भिंती तिला सरकू देत नाहीत. म्हणून आधी मऊ आणि मग अडतं.

स्वभाव मात्र कापसाचा नाही. सावकाश भार टाकलात तर ही वाट देते. दाणकन पाय आपटलात तर अंग कडक करते. दिलेला जोर चेंडूसारखा पुरता परतही करत नाही, त्यातला काही आपल्यापाशी ठेवून त्याची ऊब करून टाकते. आणि बोटं वर वळली की ताठ होते, हे तर तुम्ही आत्ताच पाहिलंत. पाऊल उचलताना बोटं नेमकी तशीच वळतात. म्हणजे कामाची वेळ झाली की ही पदर खोचते. अशी समज मला फार थोड्या माणसांत दिसली आहे.

तक्रार करण्याची तिची रीत एकच, घट्टा. एका जागी फार भार आला की वरची कातडी जाड होते. उंच टाचांची चप्पल घालणारीचा चवडा बघावा, सगळी कहाणी तिथं लिहिलेली असते. आपण दगडानं घासून ती पुसतो आणि पुन्हा तीच चप्पल घालतो.

आईच्या मधुमेहाला पंधरा वर्षं झाली होती. एका संध्याकाळी ती देवळातून आली आणि फरशीवर तिच्या मागोमाग लाल ठिपके उमटत आले. चपलेचा खिळा वर आला होता. ‘मला काहीच लागलं नाही रे,’ ती म्हणाली. डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड धागा काढला, दहा ग्रॅमचा भार पडला की वाकणारा. आईला डोळे मिटायला सांगून ते तळव्यावर ठिकठिकाणी टेकवत गेले. आई गप्प. तिला वाटलं, तपासणी अजून सुरूच झाली नाही.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं गादीच्या टाक्यांना चिकटते आणि ते ताठ होतात. गादीचा लवचिकपणा जातो. मज्जातंतू मुके होतात. पायातले लहान स्नायू दुबळे पडले की बोटं आकड्यासारखी वळतात आणि गादीला आपल्याबरोबर पुढं ओढून नेतात. हाडांची डोकी मागं उरतात, खाली नुसती कातडी. आमच्या घरात जुन्या गादीतला कापूस असाच पायथ्याला जमायचा. ती पिंजून मिळायची, ही मिळत नाही.

डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरला आले. कुष्ठरोगातही मज्जातंतू असेच मुके होतात. त्या रोग्यांच्या पायांच्या जखमा बघून त्यांनी ताडलं की मांस रोग खात नाही. वेदना नसल्यामुळे माणूस त्याच जागेवर भार टाकत चालत राहतो आणि जखम होते. आपण न कळत कूस बदलतो, पाय बदलतो, थोडं लंगडतो. ते सगळं दुखण्याच्या हुकुमावरून. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पायांसाठी मऊ रबराच्या तळाच्या चपला वापरात आणल्या. आतली गादी गेली तर बाहेरून द्यायची, इतका साधा विचार. आजही दवाखान्यांत तशीच चप्पल ‘एमसीआर चप्पल’ या नावानं लिहून देतात.

आईनं ती घातली, पण नाक मुरडून. दिसायला तिला ती आवडली नाही. देवळात जाण्याआधी मी दोन्ही चपलांत हात घालून तळ चाचपतो. खिळा पुन्हा निघाला नाही. बारीक खडे मात्र आठवड्यातून एकदोनदा निघतात.